रंगनाथरावांची ज्योत

बुवांनी आरतीचं तबक ओट्याच्या भेगेजवळ नेलं आणि भप्पकन हातभर निळी ज्योत उठली. ना वात, ना तेल. मिरजगावहून टेम्पो भरून आलेल्या बाया पदर पसरून वाकल्या.

"बगा! डोळं फाडून बगा!" घोंगडीवर मांडी ठोकून बसलेले ज्योतीबुवा गरजले. "रंगनाथ साहेब जित्तेपनी कुनाला वाकडं बोलले न्हाईत, मेल्यावर उजेड देत्यात! भक्ती वाढली की ज्योत वाढती. गोमातेचं दान आना, कुंडात वता!"

बाया ओळीनं शेणाच्या पाट्या कुंडात ओतू लागल्या.

विजयमाला मागे उभी होती. रंगनाथराव तिचे वडील. त्यांना जाऊन महिना होत आला होता. तेव्हापासून लोक समजूत घालायला आले की तिला त्या लोकांचे नुसते ओठ हलताना दिसत, शब्द कानात शिरत नसत. पुण्याला शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवायची. रजा काढून आईजवळ राहिली होती.

माळावरच्या या विद्यापीठाच्या शेतकी आवारात गोबरगॅसची टाकी तिथलं काम पाहणाऱ्या रंगनाथरावांनी बांधून घेतली होती. गोठ्यातल्या शेणावर वसतिगृहाचा स्वयंपाक व्हायचा. लाकूड नको, धूर नको, उरलेली मळी रानाला खत. ते गेले आणि भोजनगृहातला गॅस बंद पडला. पाठोपाठ टाकी आणि भोजनगृहाच्या मधल्या ओट्यावर ही ज्योत प्रगटली. टाकीत शेण घालायचा हौद आता 'कुंड' झाला होता.

"साहेब गेले अन गॅस रुसला, ताई," भोजनगृहाचा आचारी बन्सी खोकत म्हणाला होता. "आता बाभळी तोडून जाळतोय. साहेब फांदीला हात लावू देत नव्हते."

आज आरतीनंतर वसतिगृहाचे रेक्टर जाहीर करणार होते: गॅसची नळी कायमची बंद, ओट्यावर मंदिर. "लोकभावना आहे, विजयमालाबाई," ते म्हणाले होते. "आणि वडिलांचंच नाव राहतंय ना?"

तिनं वाद घातला नव्हता. पण सकाळी तिचं लक्ष टाकीवर गेलं होतं. टाकीवर लोखंडी झाकण तरंगतं. गॅस साठला की वर येतं, वापरला की खाली बसतं. आदल्या दिवशी आरतीआधी ते पार वर होतं. आज पाहिलं तर तळाला. भोजनगृहात तर चहाएवढाही गॅस जळला नव्हता. तिला राग आला नाही. गॅस कुठं जातोय ते फक्त कळलं. दुपारपर्यंत झाकण पुन्हा चढलं होतं.

शेणाची पाटी उचलून निघालेल्या आईला तिनं तेव्हाच सांगितलं होतं, "आई, आज ती ज्योत मी विझवणार आहे."

राहीबाई थबकल्या होत्या. "तुझे अण्णा हायेत त्यात. मी बोलले का ते हालत्यात. मंग ते कुठं जातील?"



आता राहीबाई ओट्याला डोकं टेकून काहीतरी पुटपुटत होत्या आणि ज्योत खरंच वरखाली होत होती. विजयमालानं क्षणभर पाहिलं. मग ती टाकीशी गेली आणि मुख्य तोटी आवळून बंद केली.

ज्योत वीतभर झाली, बोटभर झाली, विझली.

"नास्तिक! नास्तिकाची सावली पडली!" बुवांचा आवाज चढला. घोंगडीखाली उजवा हात जोरात फिरू लागला. "ये ज्योतमाय, ये!" माय येईना.

"बुवा, जरा उठता?" विजयमाला समोर येऊन म्हणाली.

"देवाचं आसन हाय हे! भस्म व्हशील!"

"होते. आधी उठा."

"उठा की वो बुवा," टेम्पोतून आलेली, शेणानं हात भरलेली आक्काबाई म्हणाली. "झाकायचं काय हाय त्यात?"

बन्सीनं घोंगडी ओढलीच. खाली फळी, फळीखाली खड्डा. भोजनगृहाकडे जाणारी नळी तिथंच कापलेली, तोंड ओट्याच्या भेगेकडे वळवलेलं, तिला पितळी तोटी, हात लागून लागून चकचकीत झालेली. बन्सीनं बुवांच्या दाढीत निरखून पाहिलं.

"आरं, ह्यो तर छगन फिटर! ह्याच पायपा बसवाया आल्ता की! तवा नुसत्या मिशा हुत्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रेक्टर चष्मा पुसू लागले.

"शेण कुजलं की त्यातून गॅस निघतो आणि तो पेटतो," विजयमाला वर्गात बोलावं तशी बोलली. "तुम्ही जास्त शेण ओतलंत, म्हणून ज्योत वाढली. भक्तीनं नाही. माझे वडील साधे माणूस होते. मेल्यावर ते कुठल्या नळीतून येत नाहीत. कुठं काही आपोआप पेटलेलं दिसलं, तर आधी नळी शोधा. हात नंतरही जोडता येतात."

"मंग आमचं दान वाया गेलं म्हना!" आक्काबाई म्हणाली.

"वाया कसं? पोरांचा स्वयंपाक होईल त्यावर."

राहीबाई तेवढ्या अजून ओट्याशीच बसून होत्या.

नळी जोडून मुख्य तोटी उघडल्यावर बन्सीनं शेगडी पेटवली. विजयमाला आईला हाताला धरून भोजनगृहात घेऊन आली. राहीबाई शेगडीपुढे बसून राहिल्या. निळी ज्योत थरथरली.

"हाललं," त्या हळूच म्हणाल्या.

 ते अण्णा नव्हेत, एवढं एक विजयमालाला आईला सांगवेना.

राहीबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि फळ्या ओढून घेतल्या. ज्योत सरळ झाली. त्यांनी एक फळी उघडली, ज्योत हलली. पुन्हा लावली.

"वारं हाय," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.