ब्रेकवरचा पाय

मित्रांनो, जुनी तर मी आहेच. माझ्या वयाच्या मोटारगाड्या आता रस्त्यावर सहसा दिसत नाहीत. दिसलीच एखादी, तर लोक थांबून तिचा फोटो काढतात. माझेही पुष्कळ काढले. आज मी समुद्राकाठच्या एका लहान शहरात, पत्र्याच्या दाराच्या गॅरेजमध्ये, चारही चाके अधांतरी ठेवून लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. माझ्या दारांच्या खालच्या कडा गंजल्या आहेत आणि माझ्या ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली आहे. ती हवा तशीच का राहिली, एवढेच मला सांगायचे आहे. ऐकून तुम्हाला माझी दया येईलच असे नाही. नाही आली तरी माझी तक्रार नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग सायीसारखा होता. माझे पत्रे माणसांनी हातोडीने ठोकून बसवले होते. उजव्या दाराच्या आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, एका कामगाराने पेन्सिलने ‘ठीक’ असे लिहिले होते. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षे ऐटीत धावले. आधी एका डॉक्टरांकडे होते, मग एका ठेकेदाराकडे, आणि शेवटी एका गोठ्यात, जिथे माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. तिथे मला पंपवाले भेटले.

पंपवाले म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरातले मुख्य कारागीर. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखे. ते गाव थंडीचे. वर्षातले पाच महिने बर्फ, आणि बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मिठाचा मारा. मीठ आमच्यासारख्या पत्र्याच्या जिवाला वाळवीसारखे लागते. पंपवाल्यांनी तीन वर्षे खपून मला उभे केले. माझी सीटकव्हरे त्यांच्या बायकोने शिवली. त्या घरी शिलाईकाम करत, म्हणून मी त्यांना शिलाईबाई म्हणते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मला पहिला चषक मिळाला तेव्हा पंपवाले छाती फुगवून म्हणाले, “सगळं घरच्या घरी, एकट्यानं केलं!” शिलाईबाई तेव्हा त्याच सीटवर बसल्या होत्या. त्यांनी कव्हराचा एक सुटलेला दोरा दातांनी तोडला. चषकाच्या नादात मलाही त्यांचा विसर पडला होता.

आता ब्रेकचे सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर अडली आहे. माझ्या ब्रेकच्या नळ्यांत तेल असते. त्यात हवा शिरली की पेडल भुसभुशीत होते आणि चाके थांबत नाहीत. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल चार-पाच वेळा दाबायचे आणि मग घट्ट दाबून धरायचे. दुसऱ्याने खाली चाकापाशी छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर पडू द्यायचे आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. आतल्या माणसाने त्याआधी पाय उचलला, तर बाहेरची हवा उलटी आत जाते आणि केलेले सगळे पाण्यात.

दर वर्षी बर्फ सरले की हे काम होई. शिलाईबाई चप्पल काढून आत बसत. शिवणयंत्र चालवून चालवून त्यांच्या पायाला असा अंदाज आला होता की मला तो पाय ओळखू येई. त्या म्हणत, “धरलं!” खालून पंपवाले म्हणत, “सोड!” धरलं, सोड, धरलं, सोड, असे चारही चाकांना. मधेच बाई म्हणत, “अहो, भाजी करपतेय.” खालून उत्तर येई, “करपू दे गं, बुडबुडा आलाय!” मग दोघेही हसत. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असे विचाराल, तर चषकाचा दिवस नाही, हेच.

पंपवाले निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात उबदार गावाचे खूळ शिरले. बर्फ नको, मीठ नको, बाराही महिने गाडी बाहेर काढता आली पाहिजे. लोकांना ते सांगत, “हिचे गुडघे धरतात थंडीनं, म्हणून जायचं.” एकदा माझ्यात बसल्या बसल्या शिलाईबाईंनी त्यांना धरलेच.

“जाऊ आपण. माझी ना नाही. पण माझ्या गुडघ्यांचं निमित्त करू नका. गाडीला गंज चढू नये म्हणून चाललोय, असं सरळ म्हणा.”

“अगं, दोन्ही गोष्टी साधतात ना एकात!”

“बरं. मग माझंही एक साधू दे. धाकटीच्या गावी बघू या का घर?”

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. तिचे गाव आत, माळावर. हवा उबदार आणि कोरडी ठणठणीत. आम्ही तिथे गेलो. वाटेत चढावर माझे पाणी उकळले आणि पंपवाल्यांचे मन तिथेच उडाले. धाकटीने घर दाखवले, ते तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. बाई अंगणात फिरून आल्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. पंपवाले म्हणाले, “रस्ते धड नाहीत इथले.”

मग आम्ही या समुद्राकाठच्या शहरात आलो. इथे पाण्याच्या कडेने एक लांबलचक, गुळगुळीत रस्ता आहे. खरे सांगते, मित्रांनो, त्या रस्त्यावर मीही हुरळून गेले. इंजिन असे गुणगुणत होते की मी पुन्हा तरुण झाले असे मला वाटले. घर बघायला गेलो तेव्हा पंपवाल्यांनी पहिल्यांदा गॅरेजच उघडले. टेप काढली, एक टोक बाईंच्या हातात दिले आणि लांबी मोजू लागले. बाईंनी टेप धरल्या धरल्या विचारले, “अहो, स्वयंपाकघराला खिडकी कुठल्या बाजूला आहे?”

“सोळा फूट चार इंच! ऐसपैस बसेल.”

“खिडकी विचारतेय मी.”

“असेल गं कुठंतरी. आता रुंदी. धर नीट.”

बाईंनी टेप नीट धरली. खिडकी नव्हतीच, हे सामान आल्यावर कळले.

पहिले काही महिने आम्ही रोज समुद्राच्या रस्त्याने जात होतो. नंतर दिवसाआड, नंतर आठवड्याने. आज नको, उद्या कुठे पळून जातोय, असे पंपवाले म्हणू लागले. जिथे बारा महिने गाडी काढता येते, तिथे आजच काढायची घाई कोणाला? बर्फ सरण्याची वाट पाहणे संपले, तसे ते धरलं-सोडही संपले.

आणि वारा! समुद्राचा वारा खारट असतो, हे जन्मभर पाण्यात काम केलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. थंडीच्या गावात मीठ रस्त्यावर होते, पाच महिने. इथे ते हवेतच होते, बारा महिने. दुसऱ्या वर्षी माझ्या दारांना फोड आले. पंपवाल्यांनी उजव्या दाराचे आतले अस्तर काढले, तर जिथे ‘ठीक’ लिहिलेले होते तिथे हाताएवढे भोक पडले होते. ते कितीतरी वेळ त्या भोकाकडे बघत बसले. बाई दारात उभ्या होत्या. ‘मी म्हटलं होतं’ असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याच दमट हवेने बाईंचाही श्वास जड झाला. डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितले. बाई महिनाभरासाठी धाकटीकडे निघाल्या. “तुम्हीही चला,” म्हणाल्या. पंपवाले म्हणाले, “या वाऱ्यात हिला टाकून कसा येऊ? ब्रेक करतो, पत्रा लावतो, आणि तुला आणायला हिलाच घेऊन येतो. बघच तू.” हिला म्हणजे मला. बाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. राग असेल असे वाटले होते, पण हात नेहमीसारखाच होता. मग त्या बसस्टँडकडे चालत गेल्या.

महिन्याचे तीन महिने झाले. एके सकाळी गॅरेजमध्ये फोन वाजला. पंपवाले माझ्याखाली होते. त्यांनी स्पीकर लावून फोन छातीवर ठेवूनच बोलायला सुरुवात केली, त्यामुळे धाकटीचे बोलणे मला ऐकू आले.

“भावोजी, ताई बरी नाही. रोज विचारते तुम्हाला. या तुम्ही.”

“आलोच. ब्रेकचं काम काढलंय, झालं की निघालोच.”

मग बाईंचा आवाज आला. शब्दाशब्दाला थांबत होता. “अहो, बसनं या.”

“बसनं कशाला? गाडीतूनच येतो. आठ दिवस दे फक्त.”

“बसनं या हो.”

“कबूल केलंय ना तुला!”

मग बाई म्हणाल्या, “बरं.”

बस रोज दोन होत्या, एक सकाळी आणि एक दुपारी. स्टँड आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला चाके होती, पण तोंड नव्हते. असते तर ओरडून सांगितले असते.

पंपवाले पेटले होते. गावातल्या एकुलत्या एका गॅरेजवाल्याने पंधरा दिवस मागितले, तेव्हा तो रस्ता बंद झाला. शेजारी राहणारे निवृत्त पोस्टमन आपणहून आले. “बसतो मी आत. पायच तर द्यायचाय ना?” बसले. पण पंपवाल्यांनी ‘सोड’ म्हणायच्या आतच त्यांचा पाय उठला आणि हवा उलटी आत गेली. तीनदा असेच झाले. पंपवाले खालून ओरडले, “अहो, पाय आहे की काय आहे!” पोस्टमन उतरले, टोपी घातली आणि म्हणाले, “तुमच्या मंडळींनाच बोलवा मग.” बोलणे चुकीचे नव्हते.

मग त्यांनी काठी घेतली. एक टोक पेडलवर, दुसरे सीटला टेकवून पेडल दाबून ठेवायचे, वाकून खाली जायचे, स्क्रू सैल करायचा, पुन्हा आवळायचा, गुडघ्यावर हात देत उठायचे, काठी काढायची, पेडल दाबायचे, काठी लावायची. बहात्तर वर्षांचा माणूस. कधी काठी निसटे, कधी स्क्रू उशिरा आवळला जाई. बुडबुडे संपतच नव्हते. काठी दाबून धरते, पण ‘धरलं’ म्हणत नाही. सहा दिवस हे चालले. सातव्या दिवशी डाव्या पुढच्या चाकातून स्वच्छ तेल आले आणि पंपवाले एकटेच टाळी वाजवून हसले. तेव्हाच फोन वाजला.

धाकटीचाच होता. या वेळी तिने ‘या’ म्हटले नाही.

पंपवाल्यांनी हात पुसले नाहीत. तसेच तेलकट हातांनी गेले, बसनेच गेले. परत आले ते बाईंची कापडी पिशवी घेऊन. माझे दार उघडले, बाई ब्रेकसाठी बसत त्या जागेवर बसले आणि मला म्हणाले, “सहा तास. बसनं फक्त सहा तास लागले गं.”

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. उरलेल्या तीन चाकांच्या नळ्यांतली हवा तशीच आहे. रोज दुपारी ते येतात, चप्पल काढून आत बसतात आणि पेडल दाबतात. पेडल तळापर्यंत जाते. मग ते म्हणतात, “धरलं.” खाली चाकापाशी कोणी नसते. पाय थरथरेपर्यंत ते दाबून धरतात, कारण सोड म्हणणारे कोणी नाही. माझी काच फुटली, वायर उंदरांनी कुरतडली, याचे मला काही वाटत नाही. त्या पायाचे ओझे मात्र सोसवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगून झाली की विनवतात, आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले. तळहातावरच्या फोडासारखे जपले, आणि त्या जपण्यात जे जपायचे होते ते हातचे गेले. माझी विनंती वेगळी आहे. टेपचे दुसरे टोक धरून उभे असलेले माणूस स्वयंपाकघराची खिडकी कुठे आहे असे विचारील, तेव्हा टेप खाली ठेवा आणि आत जाऊन बघून या. आणि दूरच्या गावाहून कोणी ‘बसनं या’ म्हणाले, तर बसने जा.