जात्यावरचं बोलणं

सिनेमावाले तेरला आले ते चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात. दूध सोसायटीच्या आवारात त्यांनी लग्नाचा मांडव घातला अन् पंधरा दिवस गावात दुसरा विषय उरला नाही. सिनेमा घरगुती होता. भावाभावांत फुटलेलं घर बहिणीच्या लग्नात एक होतं, अशी गोष्ट. जात्यावर हळद दळायला पुण्याच्या दिग्दर्शकानं गावातल्या दोघी निवडल्या. एक मुक्ताबाई, दुसरी तिची धाकटी जाऊ बनाबाई.

बघायला जमलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. या दोघी बारा वर्षं बोलत नव्हत्या, हे त्या पुणेकराला कोण सांगणार?

बहात्तरच्या दुष्काळात दोघी एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या. तिथं सास्तूरहून माणूस आला, बनाची आई अखेरच्या घटका मोजतेय म्हणून. निरोप घेतला मुक्ताबाईनं, अन् बनाला तो कळला तिसऱ्या दिवशी. ती माहेरी पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. 'कामाच्या रगाड्यात इसरले,' एवढंच मुक्ताबाई म्हणाली. तेव्हापासून एका अंगणात दोन चुली झाल्या.

आता त्याच दोघी एका जात्याला समोरासमोर बसल्या.

"बोला काहीतरी!" दिग्दर्शक ओरडला. "आवाज येणार नाही, वरून गाणं टाकायचंय. नुसते ओठ हलू द्या."

कॅमेरा घरघरू लागला. बना खाली मान घालून दळत राहिली. मुक्ताबाईनं तिच्याकडं पाहिलं. पुन्हा ही अशी समोर कधी बसायची?

"बने, म्या इसरले नव्हते."

खुंट्यावरचा बनाचा हात ढिला पडला.

"माझ्या बलभीमच्या वक्ताला सातवा म्हैना व्हता मला. तू गेल्यावर खडीची पाटी उचलू कोण लागलं असतं? भ्याले म्या. आज सांगते, उद्या सांगते, असं करीत ऱ्हायले."

"हसा बाई, लग्नघर आहे!" दिग्दर्शक मधेच ओरडला.

बनानं मान वर केली. "आईनं माझं नाव घेतलं व्हतं का? काय म्हणला त्यो माणूस?"

"घेतलं. दोनदा."

बनाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं हळदीच्या हातानंच गाल पुसले.

"वा! असंच राहू द्या!" दिग्दर्शक खूश झाला.

त्यानंतर आठ दिवस बना पुन्हा गप्पच. नवव्या दिवशी ती मुक्ताबाईच्या दारात उभी राहिली. "आक्का, सास्तूरला चला. मला सांगितलं ते माझ्या भावालाबी सांगा."

मुक्ताबाई गेली. ओसरीवर उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं.  भाऊ बस म्हणाला नाही की त्यानं पाणी विचारलं नाही. तेव्हा बनाच उठली, आत गेली अन् तांब्या भरून आणला. "घ्या आक्का, उन्हाचं आलाव."

पुढं चैतात, गोरोबाकाकांच्या जत्रेत तो सिनेमा तंबूत लागला. जात्याचा तुकडा डोळ्याचं पातं लवावं तेवढाच होता. शेजारची गजराबाई म्हणाली, "अगं, तुम्ही तर बोलताव की! काय बोलत व्हता गं?"

"मरू दे," बना म्हणाली, "गाणं तरी आईकू दे." अन् जरा सरकून तिनं थोरल्या जावेला आपल्या सतरंजीवर जागा केली.