तांबीचं वय

दुसऱ्या तपासणीचा निकालही पहिल्यासारखाच आला, हे गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोठ्याच्या दारातच सांगून टाकलं. आत जाऊन, चहा घेऊन मग सांगणं त्यांना जमलं नसतं.

"म्हणजे तांबीला दाखला नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही. रक्तात रोगाची खूण आहे. गाई गाभडतात, वासरू अवेळीच पडतं ना, तोच रोग. अशा जनावराला राज्याची हद्द ओलांडता येत नाही."

घरातलं सामान बांधून झालं होतं. हद्दीपलीकडे लेकीनं घरामागे नवा गोठा करून ठेवला होता, कारण काका एकाच अटीवर जायला कबूल झाले होते: तांबी बरोबर येणार. आत्ताही ते तिच्या पाठीवर खरारा फिरवत होते.

"कुठं आजारी दिसते ती? माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"तुमच्यापेक्षा कोणीही ठणठणीत असेल," काकू म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तांबीच्या कानातला बिल्ला निरखला. "लस टोचलेली दिसते. केवढी असताना?"

"लहान होती. सात-आठ महिन्यांची," काकू चटकन म्हणाल्या.

"छे," काका म्हणाले. "ही जन्मली तेव्हा लेक बाळंतपणाला इथं होती. आणि लस टोचली तेव्हा तीच नात अंगणभर पळत होती. सुई बघून तिनंच भोकाड पसरलं. तांबीनं हूं की चूं केलं नाही."

काकू बादलीची कडी उगाच खालीवर करत राहिल्या.

"शेजारची गाय गाभडली होती तेव्हा," शेवटी त्या म्हणाल्या. "लसवाला म्हणाला, फक्त लहान वासरांनाच टोचतो. म्हणजे आमची तेवढी राहणार. मी म्हटलं, वय नाही हो, हिचा बांधाच थोराड आहे. दात दुधाचेच होते, त्यालाही पटलं. माझंसुद्धा लग्नात वय कमीच सांगितलं होतं. काही बिघडलं नाही."

एरवी या गोष्टीवर काका हमखास हसत. आज त्यांचा खरारा थांबला.

लहानपणी टोचलेल्या या लसीची खूण रक्तातून हळूहळू पुसली जाते. उशिरा टोचली तर ती वर्षानुवर्षं राहू शकते, आणि हुबेहूब रोगाच्या खुणेसारखी दिसते. डॉक्टरीणबाईंनी हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं.

"मग लसच आहे ती," काकू म्हणाल्या. "तसं लिहा ना, बाई."

"असेलही. पण नसली तर? दोन्हीतला फरक दाखवणारी तपासणी आमच्याकडे नाही. नियमाप्रमाणे आता हिला वेगळं बांधायचं, दूध ओतून द्यायचं, आणि मग कायमचं निजवायला..."

"न्यायला गाडी कधी येईल?" काकांनी विचारलं.

"याच आठवड्यात."

तांबी निरोगी असण्याची शक्यताच अधिक होती. हे डॉक्टरीणबाई बोलल्या नाहीत. बोलून काकूंच्या पदरात काय पडलं असतं?

"मी तिला जपायलाच गेले हो," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"माहीत आहे." काकांनी खरारा खुंटीला अडकवला. "तू लेकीकडे पुढे हो. हिला नेईपर्यंत मी थांबतो."

"मी कुठंही जात नाही तुम्हाला सोडून."

धारेची वेळ टळून गेली होती. कास तटतटली होती. ओतून द्यायचं असलं तरी दूध काढावं लागणारच होतं. हा रोग माणसालाही लागतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून रबरी हातमोजे काढून दिले. काकांच्या सुजलेल्या बोटांवरून ते चढेनात, तेव्हा काकूंनी एकेक बोट ओढून नीट बसवलं.

काकांनी सडाला हात लावला तशी तांबी बाजूला सरली. त्यांनी पुन्हा लावला, ती पुन्हा सरली.

काकू पुढे झाल्या आणि तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीवरून हात फिरवू लागल्या. "उभी राहा गं," त्या म्हणाल्या. "तेच हात आहेत."