तक्त्याबाहेरचे चमचे

आदर्शने बरणीचं झाकण फिरवलं, आत माप घातलं आणि त्याचा हात तसाच थांबला. परवाच त्याने बरणी गळ्यापर्यंत भरली होती. रोज चार वेळा, तीस-तीस ग्रॅम. त्या हिशोबाने पावडर जेमतेम दोन बोटं उतरायला हवी होती. ती त्याहून बोटभर खाली गेली होती, आणि तिच्यात एक चिमुकला स्टीलचा चमचा रुतलेला होता.

सकाळचे साडेआठ वाजले होते. तो तिसरी शिफ्ट करून नुकताच आला होता आणि लोक नाश्त्याला बसतात त्या वेळी त्याचं शेवटचं खाणं व्हायचं. मग झोप. दुपारी साडेतीनला त्याचा नाश्ता, सातला जेवण, मध्यरात्री उकडलेली अंडी, पहाटे चारला भिजवलेले हरभरे. जिममधल्या भागवतने शिफ्टप्रमाणे तीन रकान्यांचा तक्ता करून दिला होता. तो स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेला होता आणि आठवडा बदलला की सगळं घर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकायचं. मार्चमध्ये जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. सत्तर किलोच्या गटात उतरायचं, निदान पहिल्या पाचात यायचं, एवढा एकच ध्यास त्याने वर्षभर घेतला होता. त्याची आई पारूबाई म्हणायची, "पाटलाच्या बैलाला बी एवढं टायमावर चारत न्हाईत."

"दिपाली," त्याने हाक मारली, "ह्या बरणीत कुणी हात घातलाय?"

दिपाली ओट्याशेजारी मांडी घालून बसली होती. मांडीवर दोन वर्षांची बुद्धप्रिया, हातात खिचडीची वाटी. तिने मान वर केली नाही.

"कुठं काय."

"चमचा कुणाचा हाय मग?"

तिने वाटीतला घास नीट केला, लेकीच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"प्रियाला देऊन राहिले मी," ती म्हणाली. "खिचडीत कालवून. रागावू नका."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. अंगणवाडीतल्या सिंधुताईंनी वजन केलं तर कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात आलं. म्हणल्या, लेकराला प्रथिनं द्या. मग म्हणलं, घरात एवढी भारीची पावडर हाय, तर..."

पुढचं त्याला ऐकू आलं नाही. बरणीत काय आहे, हे घरात एकट्या आदर्शला ठाऊक होतं.

बरणी खरी होती. पहिली पावडरही खरी होती. ती दोन महिन्यांत संपली आणि दुसरी घ्यायची ऐपत उरली नाही. आदर्श लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाच्या कंपनीत कामाला होता. तेल काढून उरलेला चुरा, म्हणजे पेंड, पोत्यांत भरताना एके दिवशी त्याची नजर पोत्यावरच्या छपाईवर गेली. प्रथिने, शेहेचाळीस टक्के. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोयाबीन म्हणजे सोयाबीन. कोंबडी ह्याच्यावर दीड महिन्यात तयार होते, मग माणसाचं का होऊ नये? गेटजवळ काही पोती कायम उघडी पडलेली असत. शिवलेली पोती मोजलेली, त्यांना हात लावायची सोय नव्हती. उघड्यांतलं ओंजळ-दोन ओंजळ कोण विचारतं? त्याने ते घरी आणलं, कुणी नसताना मिक्सरमधून काढलं, गाळलं आणि बरणीत भरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जिममध्ये पोरं विचारायची, कुठली पावडर घेतो, तर तो बरणीवरचं इंग्रजी नाव सांगायचा. पोट कायम फुगलेलं असायचं, आंबट ढेकर यायचे. भागवत म्हणाला, रात्रपाळीनं होतं तसं. त्याने गोळ्या घेतल्या आणि तीस ग्रॅमचे चाळीस केले नाहीत, एवढाच काय तो संयम पाळला.

आणि तीच पेंड त्याच्या लेकीच्या खिचडीत होती.

दोन ढांगांत तो ओट्यापाशी पोचला आणि त्याने दिपालीच्या हातातली वाटी हिसकली. घास प्रियाच्या झबल्यावर पडला. पोर घाबरून रडायला लागली. तो मोरीपाशी गेला, वाटी पालथी केली, नळ सोडला. दिपाली बघतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्याने तिच्या हातातलं कधी काही असं ओढून घेतलं नव्हतं.

"लेकरानं दोन चमचे खाल्ले," ती हळू आवाजात म्हणाली, "तर तुमचे दंड बारीक होणार हायेत का?"

पारूबाई दारातून आत आली. "काय झालं रं?"

"काय न्हाई, माय," दिपाली म्हणाली. "माझंच चुकलं. ह्यांच्या खाण्यात वाटा काढला."

सांगायची वेळ तीच होती. शब्द एकच होता, पेंड. आदर्शने तोंड उघडलंसुद्धा. पण समोर आई उभी होती, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोठ्यात पेंडीच्या पाट्या उचलल्या होत्या आणि पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. समोर बायको होती, जी अहमदपूरला माहेरी गेली की नवऱ्याच्या पावडरीचं कौतुक सांगून यायची. आणि ती पेंड तू पोरीला स्वतःच्या हाताने भरवलीस, हे तिला कसं सांगायचं? त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि लाजेपायी माणूस जे करतो तेच त्याने केलं.

"ती मोठ्या माणसाची असती," तो म्हणाला. "पुन्हा द्यायची न्हाई. आजपासून बंद."

बरणीचं झाकण घट्ट लावून त्याने ती माळ्यावर, गाद्यांच्या मागे ढकलली. दिपालीने लेकीचं झबलं बदललं, आणि तिच्या पाठीवरूनच कळत होतं की हा माणूस आज तिच्या मनातून उतरला.

तो जाऊन आडवा झाला. झोप येणं शक्यच नव्हतं. पडद्यापलीकडे प्रिया रडत होती, थांबत होती, पुन्हा कण्हत होती. एरवी ह्या वेळी तो मेल्यासारखा झोपलेला असायचा. दिवसा ह्या घरात काय चालतं, हे त्याने महिनोन्‌महिने ऐकलंच नव्हतं. थोड्या वेळाने तो उठून बाहेर आला. पारूबाई नातीला पोटावर हात फिरवून निजवत होती.

"माय, ही अशी का रडून राहिली?"

"पोट दुखतंय तिचं. रोजचंच हाय."

"रोजचं?"

"खाल्लं की फुगतंय. शी बी पातळच. दोन महिने झाले की." पारूबाईने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "दिपालीनं दोनदा दवाखान्यात नेलती. तू झोपलेला व्हतास."

आदर्शने शर्ट अंगात चढवला आणि गाडीला किक मारली.

कंपनीच्या लॅबमध्ये मल्लिकार्जुन सर एकटेच होते. निलंग्याचा माणूस, पन्नाशीचा, पंचवीस वर्षं पेंड तपासण्यात गेलेली. शिफ्ट संपवून गेलेला कामगार अकरा वाजता परत आलेला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय रे, डबा विसरलास का?"

"सर, एक विचारायचं होतं. गेटजवळची उघडी पोती असतात ना. ती... माणसानं खाल्ली तर?"

मल्लिकार्जुन सर खो खो हसले. "कुणी खाल्ली रे बाबा? सुगंध घेऊन जेवायला बसलं का कुणी?"

"मी खातोय. सहा महिन्यांपासून. प्रथिनांसाठी."

सरांचं हसू ओसरायला वेळ लागला. त्याच्या दंडांकडे, मग तोंडाकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"अरे वेड्या, तुला कुणी अक्कल दिली ही? पोत्यावर खाली काय लिहिलंय, वाचलं नाहीस? फक्त पशुखाद्यासाठी. आणि त्यातून ती पोती! ती उघडी का ठेवतो आपण, ठाऊक आहे? ती नापास झालेली असतात. भाजायची राहिलेली, कच्ची. पुन्हा भाजायला टोस्टरमध्ये जायची म्हणून शिवत नाही."

"कच्ची असली तर काय होतं?"

"कच्च्या सोयाबीनमध्ये अन्न पचूच देत नाही असं एक द्रव्य असतं. नीट भाजलं की ते मरतं. नाही भाजलं, तर जेवढं खाशील तेवढं वाया. पोट बिघडतं. कोंबडीच्या पिलांना घातलं तर पिलांची वाढ थांबते. ज्या रसायनानं तेल काढतो, त्याचा अंश राहतो तो वेगळाच." सर थांबले. "बंद कर. तू तगडा आहेस, तुला काही होणार नाही. पण बंद कर."

आदर्श टेबलाचा काठ धरून उभा होता.

"सर, माझी पोरगी बी खाऊन राहिली. दोन वर्षांची हाय."

मल्लिकार्जुन सरांनी चष्मा खाली ओढला. मग उठले आणि लॅबचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

"इथं काय उभा आहेस?" ते म्हणाले. "जा."

तो लगेच निघाला, पण रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घेऊन तास-तासभर बसून राहिला. घरी कसं सांगायचं, ह्याची वाक्यं जुळवत होता. एकही जुळलं नाही. घरी पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. "प्रियाला दवाखान्यात न्यायचंय," एवढंच तो म्हणाला. दिपालीने आश्चर्याने पाहिलं. झोप मोडून हा माणूस लेकीला दवाखान्यात न्यायला निघाला, म्हणजे सकाळचा त्याला पस्तावा झाला असावा, असं तिला वाटलं. तिने मुकाट्याने पोरीचा टॉवेल आणि पाण्याची बाटली घेतली.

बालरोगतज्ज्ञ बाई मध्यमवयीन होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी प्रियाला काट्यावर ठेवलं. आठ किलो सहाशे. पोटावर बोटांनी हलकंच वाजवून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"दिवाळीत किती होतं वजन?"

"नऊ," दिपाली म्हणाली.

"म्हणजे कमी झालं. जेवते काय?"

"वरण-भात. खिचडी. केळं. दूध थोडं. संध्याकाळी अंडं, ह्यांच्यासाठी उकडते त्यातलं." एवढं बोलून ती थांबली. तिची नजर क्षणभर आदर्शच्या बुटांपर्यंत गेली आणि परत आली. "बाकी काही न्हाई."

आदर्शला कळलं, ती का थांबली. आपण नवऱ्याच्या बरणीत चोरी केली, हे तिला परक्या बाईसमोर कबूल करायचं नव्हतं. ती त्याची अब्रू झाकत होती, का स्वतःची, कोण जाणे. डॉक्टरबाईंनी जंताच्या औषधासाठी पेन उचललं.

"पावडर बी खाती," तो म्हणाला.

"कुठली?"

"पावडर न्हाई ती." तो म्हणाला. "पेंड हाय. सोयाबीनची. आमच्या कंपनीतली, जनावराची. मी माझ्यासाठी आणत होतो, प्रथिनाच्या बरणीत भरून ठेवत होतो. हिला ठाऊक नव्हतं. हिनं चांगली समजून पोरीला दिली."

प्रियाभोवतीचा दिपालीचा हात इतका घट्ट झाला की पोर कुरकुरली.

"किती देत होता?" डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं.

स्वतःच्या अंड्यातलं पिवळंसुद्धा ग्रॅममध्ये सांगू शकणाऱ्या आदर्शला ह्याचं उत्तर माहीत नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं.

दिपाली बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज सपाट होता, शाळेत उभं केलेल्या पोरीने उत्तर द्यावं तसा. "पहिल्यांदा दिवसातून एक चमचा. ह्यांच्या तक्त्यावरून काढलं होतं मी. ह्यांचं वजन अडुसष्ट, हिचं नऊ. महिन्यानं वजन वाढलं न्हाई म्हणून दोन केले. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

"वजन वाढत नाही म्हणून तुम्ही पावडर वाढवत गेलात?"

"हाव."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आदर्शच्या कानात मल्लिकार्जुन सरांचं बोलणं पुन्हा पुन्हा येत होतं, जेवढं खाशील तेवढं वाया.

"रक्त तपासून घेऊ," बाई म्हणाल्या. "लगेच बंद केलंत तर पोट सावरेल, घाबरू नका. शेवटचं कधी दिलंय?"

"सकाळीच बंद केलं, मॅडम," आदर्श घाईने म्हणाला. दिवसभरात त्याच्याजवळ सांगण्यासारखी चांगली गोष्ट एवढीच होती. "मीच बंद केलं. बरणी माळ्यावर टाकली."

दिपालीने आता पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोसला असता.

"तुम्ही गाडी घेऊन गेल्यावर मी स्टुलावर चढून काढली," ती म्हणाली. "मला वाटलं, उद्यापासून तुम्ही कुलपात ठेवताल. पोरीला मिळणार न्हाई. म्हणून दुपारच्या खिचडीत सहा चमचे घातले."