अस्गरचा स्नायू

“एवढंसंच आहे होय?” कर्स्टेनने केकचा डबा मांडीवर घट्ट धरत विचारलं. “मला वाटलं, कपाटाएवढं यंत्र असेल.”

“एवढंसंच,” प्रयोगशाळेतला प्रेबेन म्हणाला. “पण सगळं आपलं आपण करतं. स्नायूचा एक तंतू दोन टोकांना बांधून दिला की झालं. मग तेच त्याला द्रावणाच्या या वाटीतून त्या वाटीत बुडवतं, ताणतं, त्याने किती जोर लावला ते मोजतं.”

कर्स्टेन सत्तरीची. होल्स्टेब्रोहून पहाटेची गाडी धरून कोपनहेगनला आलेली. तिचा मुलगा अस्गर स्नायूंच्या आजाराने ऐन पस्तिशीत गेला. जाण्याआधी त्याने या प्रयोगशाळेसाठी मांडीतून सुईने स्नायूचे तुकडे काढू दिले होते. वर हसून म्हणाला होता, “पडू दे की उपयोगी कुणाच्या तरी!” आता तिला एकदाच, फक्त एकदाच, त्याचा स्नायू हलताना बघायचा होता.

आणि तो तर संपला होता. शेवटचा तुकडा हिवाळ्याआधीच खर्ची पडला होता. त्या वेळी पडद्यावरची जोर दाखवणारी रेघ जेमतेम हलली होती.

“सरळ सांगून टाक बाबा तिला,” प्रयोगशाळेची प्रमुख दोर्ते सकाळीच म्हणाली होती. “कॉफी दे आणि गाडीत बसवून ये. उगाच आशेला लावू नकोस.”

प्रेबेन सांगणारच होता. वाईट बातमी सांगायला त्याला काही वाटायचं नाही. खरं तर हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. बायको गेली, उल्ला, तेव्हासुद्धा दफनाच्या दुसऱ्या दिवशी हा कामावर हजर. लोक म्हणाले, खंबीर आहे. कसला खंबीर! दाढ काढण्याआधी हिरडी बधिर होते ना, तसा अख्खा माणूस झाला होता.

“कर्स्टेन, तुम्हाला एक सांगायचंय...”

“थांब रे, आधी चष्मा घालू दे.” तिने पर्स उपसली. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नवऱ्याला म्हटलं, चल तूही. तर म्हणे, मला नाही झेपायचं. पळपुटा मेला!” चष्मा घालून तिने केस सारखे केले, कॉलर नीट केली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. “हं. आण त्याला.”

 प्रेबेन उठला आणि फ्रीझरमधून एक नळी घेऊन आला. नवी द्रावणं तपासायला इथली माणसं आळीपाळीने आपल्याच मांडीचा तुकडा देत. ही यंदाची नळी होती, आणि यंदा पाळी प्रेबेनची होती.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याने केसाहून बारीक तंतू बांधला. बटण दाबलं. तंतू वाटीत उतरला, आणि पडद्यावरची रेघ सरसर वर चढली.

“अगं बाई!” कर्स्टेनने तोंडावर हात ठेवला. “केवढा हा जोर! शेवटी शेवटी कप उचलवत नव्हता रे त्याला. डॉक्टर म्हणायचे, ताकदच उरली नाही. बघा म्हणावं आता!” ती हसत होती आणि रडतही होती. प्रेबेन कोरड्या डोळ्यांनी रेघेकडे बघत राहिला.

दोर्ते दारात डोकावली. रेघेची उंची तिने पाहिली, मग प्रेबेनकडे पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.

यंत्राने तंतू पुन्हा बुडवला. रेघ पुन्हा चढली. मग पुन्हा.

“असं किती वेळ चालणार?” कर्स्टेनने विचारलं.

“संध्याकाळपर्यंत. मध्येच थांबवलं तर सगळी मोजणी वाया जाते.”

“जाऊ दे की वाया!” तिने त्याचा दंड धरला. “पुरे आता. किती राबवाल? दमलाय रे तो. स्वतः होऊन कधी बोलायचा नाही, पण मला कळायचं. थांबव ना, राजा.”

प्रेबेनने यंत्र थांबवलं, तंतू विसाव्याच्या वाटीत सोडला. रेघ खाली आली आणि आडवी झाली.

“पड आता निवांत,” कर्स्टेन पुटपुटली आणि यंत्राच्या कडेवर हळूहळू थोपटू लागली.

प्रेबेनला उठून कॉफी आणायची होती. पण उठवेना. आपण किती दमलोय, हे त्याला उल्ला गेल्यापासून आज पहिल्यांदा कळत होतं. कर्स्टेन थोपटत राहिली, आणि तिचा हात थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.