कपडेपट उन्हात निघाला

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काटकुळी, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या आणि बोलली की टोचायचीच. राजाचा झगा असो की भिकाऱ्याची फाटकी बंडी, सगळं नाट्यगृहाच्या तळघरातल्या कपडेपटात तिच्याच हातून तयार होऊन वर रंगमंचावर जायचं.

अलीकडे मात्र या टाचणीला गंज चढला होता. सकाळी बोटं वळायची नाहीत. जिना चढताना धाप लागायची, डोळे चुरचुरायचे. सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. माप घेतलं की कात्री उचलेपर्यंत विसरायची. एकदा तिनं एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. नट पोट धरधरून हसले. तीही हसली आणि मग मशीनमागे जाऊन रडली.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. एकानं वयावर ढकललं, दुसऱ्यानं काळजीवर. घरी थोरली नणंद होती, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण घंटा वाजवायची सवय न गेलेली. तिनं निकाल देऊन टाकला, "मनाचे खेळ आहेत गं सगळे. मनाला जरा लगाम घाल!"

तेवढ्यात कंपनी दौऱ्यावर निघाली. नवरा "जाऊ नकोस" म्हणत होता, पण टाचणी गेली. गावोगावच्या नाट्यगृहांत कुठे ओसरीत, कुठे गच्चीवर मशीन मांडून तिनं काम केलं. आणि काय आश्चर्य! पंधरवडा उलटला नाही तोच बोटं मोकळी झाली. डोक्यातला कापूस कुणीतरी उपसून काढावा तसं लख्ख वाटू लागलं. तिनं धावत जाऊन घरी फोन लावला.

"वन्सं, मी आज तीन मजले पळत चढले!"

"का? लिफ्ट बंद होती?" नणंद म्हणाली.

दौरा संपला. नवं नाटक उभं राहायचं होतं. टाचणी उड्या मारत तळघरात उतरली आणि चार दिवसांत पुन्हा जैसे थे. पण आता तिचं डोकं चालायला लागलं होतं. मी तीच, काम तेच, नटही तेच छळवादी. मग बदललं काय? जागा!

"खोलीनं कधी कुणी आजारी पडतं का?" नणंद कडाडली. "उद्या मीच येते. दिवसभर बसते तुझ्या तळघरात. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

आली. बटणं लावायला बसली. दुपारपर्यंत शिंकून शिंकून तिचं नाक लाल झालं, पण कबूल करेल तर शपथ! विरंगुळा म्हणून तिनं राणीचा मुकुट डोक्यावर चढवला आणि भिंतीवरच्या पुरुषभर उंच आरशासमोर उभी राहिली. आरसा तिरका होता. तिरकं काही तिला आयुष्यात खपलं नव्हतं. तिनं तो सरळ करायला जरा ओढला, तर गिलाव्यासकट खिळेच हातात आले!

"अगं, धर धर धर!"

दोघींनी कसाबसा आरसा खाली टेकवला आणि वर पाहिलं. जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत भिंत काळीहिरवी झाली होती. मखमल पसरावी तशी लवदार बुरशी. वरच्या न्हाणीघराचा नळ आतल्या आत पाझरत होता. कुबट वासाचा भपकारा आला.

"हात लावू नका!" टाचणी ओरडली. आणि मग ती चक्क हसायला लागली. तोंडावर ओढणी दाबून, खोकत, हसत ती जागच्या जागी नाचली. "सापडला! वन्सं, चोर सापडला!"

नणंद मुकुटासकट मान खाली घालून उभी. "मी तुला काय काय बोलले गं..."

"ते नंतर. आधी बाहेर चला!"

व्यवस्थापक धावत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हात्तिच्या! रंगाचा एक हात मारून घेऊ."

नणंद मुकुट सावरत पुढे झाली. "चूक झाकली म्हणजे सुधारली असं नसतं, हे मी पहिलीच्या मुलांना शिकवलंय. तुम्हालाही शिकवू?"

दिग्दर्शकानं तालीम थांबवली. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नृत्यवर्गाची मोठी, हवेशीर खोली रिकामी होती. नटांनी तोंडाला फडकी बांधली आणि बांबूंवर कपडे टांगून मिरवणूकच निघाली! राजाचे झगे, भुतांचे पांढरे अंगरखे, शिपायांचे डगले भर रस्त्यावरून चालले. गाड्या थांबल्या. बसचालकानं हॉर्न वाजवून सलामी दिली. टाचणीला तळघरात पाऊल टाकायला बंदी होती, ती समोरच्या गच्चीतून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ज्यावर डाग दिसेल तो पिशवीत बांधा! बाकीचे उन्हात! अहो महाराज, शालू जमिनीला लागतोय!"

दुसऱ्या दिवशी ती छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मोबाईलमधला भिंतीचा फोटो पाहून बाईंनी चष्माच काढला. "तुम्ही दिवसभर कुठे बसता, हे कुणीच विचारलं नाही?"

"नाही. वय विचारलं."

बाईंनी फुफ्फुसांची नीट तपासणी केली. "बुरशीमुळे फुफ्फुसांना सूज आलीय, हे दिसतंय. बोटं आणि विसरणं, सगळं त्यामुळेच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या खोलीत पुन्हा जायचं नाही. औषध देते, मग बघू."

टाचणीला एवढं पुरे होतं. इतके दिवस ती स्वतःच्याच मनाला आरोपी समजत होती. दवाखान्याच्या पायऱ्या तिनं दोन-दोन करत उतरल्या आणि खाली पोचल्यावर धाप लागून बसली, पण हसतच.

धाप आधी गेली. डोकं हळूहळू निवळलं. बोटांनी बराच वेळ घेतला; एखाद्या सकाळी ती अजूनही रुसतात. तळघराची भिंत फोडून नळ बदलला, पण कपडेपट मात्र वरच राहिला, खिडकीशी.

नाटकाचा पहिला प्रयोग लांबला, पण झाला. तिसऱ्या घंटेला राजाच्या छातीवरचं बटण तुटलं. टाचणीनं त्याला पडद्याआड उभा धरला, दोरा ओवला आणि अंगावरच बटण टाचून दातानं दोरा तोडला.

"जा," ती म्हणाली आणि त्याला प्रकाशात ढकलून दिलं.