रंध्याखालचा शेवट

नीए गुरुजी नावेतून उतरले तेव्हा धक्क्याचे दगड बर्फाने निसरडे झाले होते. यानशेठचा छापखाना कालव्याच्या काठालाच होता. आपल्या कादंबरीचे शेवटचे अध्याय एव्हाना कोरून झाले असतील, छपाईच्या लाकडी पाट्यांवरून एकदा हात फिरवू, एवढ्याच हौसेने ते गावाहून आले होते.

पाट्या जिन्याखाली रचलेल्या होत्या. एकीलाही छिन्नी लागलेली नव्हती. शेजारी लियाओ मावशी रंध्याचं पातं दगडावर घासत होती.

"मावशी, कोरायचं सोडून रंधा कशाला काढलात?"

"मला काय विचारता गुरुजी? शेठ म्हणाले कोर, की कोरते. म्हणाले पूस, की पुसते. मला कुठं वाचता येतंय."

तेवढ्यात यानशेठ हात चोळत बाहेर आला. "या, या. चहा घ्या. तुमच्या सुरुवातीच्या भागावर लोक खूश आहेत बघा. पण शेवट? घर बुडालं, सासऱ्याला वेड लागलं आणि थोरली सून पेजेवाचून मेली. नव्या वर्षाला असलं पुस्तक कोण कुणाला भेट देईल?"

"मग?"

"मग काय, नवा शेवट लिहून घेतला. नवरा दरबारी परीक्षेत पहिला येतो, सुनेला मुलगा होतो. लाकूड चांगलं आहे, याच पाट्या तासून घेतोय."

"ती मेलीय, यानशेठ."

"कागदावरच मेलीय ना? मग कागदावरच उठवा. तुम्हीच उठवत असाल तर दुसऱ्याचं लिखाण बाजूला ठेवतो."

गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि पुस्तक माझं आहे."

"तुमचं? पहिल्या पानावर नाव काय आहे? 'लव्हाळ ओढ्याचा बहिरा'. तुम्हाला तर दोन्ही कानांनी ऐकू येतंय."

नाव गुरुजींनी स्वतःच लपवलं होतं. पुतण्या परीक्षांना बसत होता. चुलता असल्या बाजारी गोष्टी रचतो हे कळलं असतं, तर पोराला चारचौघांत मान वर करता आली नसती. आणि गंमत अशी, की ती मेलेली सून म्हणजे त्या पुतण्याचीच आई होती. गुरुजींची वहिनी. आईच्या मागे तिने या दिराला वाढवलं होतं. दुष्काळात आपल्या वाटची पेज ती सगळ्यांना वाढत राहिली, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. घराण्याच्या वंशावळीत तिचं नाव नव्हतं, सुनांचं नसतंच. ती काय बोलायची, कशी हसायची, कशी गेली, हे त्या शेवटच्या अध्यायांत होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

कच्चे कागद गुरुजींनी स्वतः जाळले होते. लिहिलेला कागद पायाखाली येऊ नये, म्हणून देवळातल्या अक्षरांच्या भट्टीत, हात जोडून. पक्की प्रत छापखान्यात आली. इथे तो कागद पाटीवर पालथा चिकटवतात आणि ओल्या बोटाने चोळून काढतात. लाकडावर नुसती शाई उरते, उलटी. कागद गेला तो गेला.

"मला उतरून तरी घेऊ द्या," गुरुजी म्हणाले.

यानशेठने मान डोलावली. "घ्या. रंधा मात्र थांबणार नाही. नवं वर्ष माझ्यासाठी थांबतंय का?" बायकोचा आरसा आतून आणवून देऊन तो जेवायला गेला.

गुरुजी दारातल्या उजेडाला बसले. मांडीवर पाटी, समोर आरसा. आरशात अक्षरं सुलटी दिसत, पण त्यांच्या अधू, पाणावणाऱ्या डोळ्यांना ती एकमेकांत मिसळलेली दिसत. कुंचल्यावरची शाई थिजे, ते फुंकर घालत. एक पाटी उतरून होईतो मावशीने पुढच्या कितीतरी तासून भिंतीला लावल्या.

"जरा हळू, मावशी."

"हळूच करतेय. शेठ आले की मलाच बोलतील." थोड्या वेळाने तिने विचारलं, "कशानं मेली म्हणता ती?"

"सगळ्यांना वाढून भांड्यात उरत नसे. जेवलीस का विचारलं, की म्हणायची, चूल फुंकूनच पोट भरलं."

"असं माझी जाऊ म्हणायची," मावशी म्हणाली. पण रंधा चालूच होता.

दिवस कलला. ढिगात एकच पाटी राहिली. मावशीने ती तासली नाही, गुरुजींच्या मांडीवर आणून ठेवली. "ही घ्या. सावकाश बघा."

गुरुजींनी आरसा धरला. त्यात करडा उजेड होता आणि त्यांचाच डोळा. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. अक्षर लागेना, कोणता भाग आहे तेही कळेना. कोरलेली असती तर बोटांनी वाचली असती. त्यांनी बोट फिरवलं. लाकूड गुळगुळीत होतं.

"मावशी, तुम्हाला यातलं एखादं तरी..."

"नाही हो, गुरुजी."

गुरुजींनी पाटी तिच्याकडे सरकवली. "घाला रंधा."

मावशी पाटी तासून उठली आणि ढलप्यांची मूठ शेगडीकडे नेऊ लागली. गुरुजींनी तिचा हात धरला. "शेगडीत नको. अक्षरं आहेत त्यांवर." खाली वाकून त्यांनी शाई लागलेली एकेक ढलपी वेचली आणि अंगरख्याच्या ओच्यात घेतली. उतरून घेतलेल्या कागदांकडे त्यांनी पाहिलं. कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसते डाग. तेही त्यांनी ओच्यातच टाकले.

देवळाशी भट्टीवरचा म्हातारा झाकण लावण्याच्या बेतात होता. ओचा भरलेला बघून तो आदराने बाजूला झाला.

"पुण्याचं काम करताय. कुणाचं लिहिलेलं म्हणायचं?"

गुरुजींनी ओचा भट्टीच्या तोंडाशी रिकामा केला. सुकं लाकूड, लगेच पेटलं.

"नाव नव्हतं त्याच्यावर," ते म्हणाले.